पाचवा कप्पा

अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमासाठी वॉकरला बांधायच्या पिशव्या दर हिवाळ्यात लव्हॉन शिवायची, आजीच्या काळ्या शिवणमशीनवर. चष्मा, रुमाल, गोळ्या आणि विणकाम असे मोजून चार कप्पे. मशीन इतकं जुनं, की वीतभर शिवलं की एक टाका हमखास गाळायचं.

"किल्लीलाही एक कप्पा दे की गं," चर्चच्या तळघरात कापड बेतताना मैत्रीण बर्नडीन म्हणाली.

"तिथं कसल्या किल्ल्या? कुलूप लावायला घर उरलंय का त्यांना?" लव्हॉननं तिला उडवून लावलं.

पुढच्या वर्षी लव्हॉनचं खुब्याचं हाड मोडलं आणि लेकीनं तिला त्याच वृद्धाश्रमात आणलं. खोलीत मशीन ठेवायची परवानगी नव्हती. ते लेकीकडे गेलं, पण त्याच्या लाकडी झाकणाची इवलीशी किल्ली लव्हॉननं काही दिली नाही. नर्सनं तिच्या वॉकरला कोरी पिशवी बांधून दिली. शिवणीवर दर वीतभर अंतरावर एक टाका गळालेला होता.


डाव्या मुठीत किल्ली घट्ट धरून उजव्या हातानं ती दुपारभर त्या पिशवीत पाचवा कप्पा शोधत राहिली.