झोपा, जावईबापू

ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा मास्तर खाटेची दांडी घट्ट धरून बसले. आपण मेल्याचं स्वप्न कुणालातरी पडल्याशिवाय ते इथून हलणार नव्हते.

हे खूळ आदल्या संध्याकाळी भेटायला आलेल्या त्यांच्या बहिणीने डोक्यात भरलं होतं. ज्याचं मरण स्वप्नात दिसतं त्याचं आयुष्य वाढतं, असं ती सहज बोलली आणि पिशवी उचलून घरी गेली. मास्तरांनी जन्मभर शाळेत ड्रिल शिकवलं होतं. स्वप्न म्हणजे पोटातला गॅस, असं ते कालपरवापर्यंत भेटेल त्याला ऐकवायचे. पण पित्ताशयातले खडे स्वतःच्या डोळ्यांनी फोटोत पाहिल्यापासून त्यांच्या मतांना जरा तडे गेले होते.

मुलीने आधी समजूत घातली, मग आवाज चढवून पाहिला. सर्जनसाहेबांना दुपारनंतर दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं, आणि आता उशीर केलात तर पित्ताची पिशवी आतच फुटेल असं त्यांनी सकाळी बजावलं होतं. मास्तर ढिम्म. तिने सरळ सांगून टाकलं की पहाटे मलाच पडलं होतं तसं स्वप्न. त्यावर मास्तर म्हणाले की रात्रभर तू टक्क जागी होतीस, मी बघत होतो. एवढ्यावर तिची साक्ष बाद झाली.

शेवटी त्यांची नजर जावयावर गेली. जावयाचं गाद्यांचं दुकान होतं. नवी गादी तयार झाली की तिच्यावर आधी स्वतः झोपून पाहायचं हा त्याचा धंद्यातला नियम, आणि पाहता पाहता त्याचा डोळा लागतो हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. या एका गुणापायी मास्तर लग्नापासून त्याला पाठीमागे अजगर म्हणत आले होते. शिवाय खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लालभडक व्हायचे. असा साक्षीदार शोधूनही सापडला नसता.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "झोपा."

जावई सोबत्यासाठी ठेवलेल्या बाकावर आडवा झाला. रेक्झिनखाली फोम नावालाच आहे हे त्याच्या पाठीला लगेच कळलं, पण ही तक्रारीची वेळ नव्हती. मास्तरांनी खाटेवरून हुकूम द्यायला सुरुवात केली. हात सैल सोडा. जबडा सैल सोडा. मनात दुसरं कोणी नको, फक्त मी. आणि मग सवयीने त्यांनी असा काही "विश्राम" पुकारला की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेसुद्धा झोपल्या झोपल्या पाय अलग केले.

जावई खरोखरच झोपला. स्वप्नही पडलं.

स्वप्नात मास्तर मेले नव्हते. चांगले ठणठणीत होते. हातात ट्रंक घेऊन आणि गळ्यात शिट्टी अडकवून ते दुकानाच्या पायऱ्या दोन-दोन करत चढून आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या गाद्या भिंतीशी उभ्या केल्या आणि त्यांच्यासमोर जावयाला हात वर करून उड्या मारायला लावलं. त्याने धापा टाकत विचारलं, "बाबा, किती दिवस मुक्काम?" शिट्टी फुंकून ते म्हणाले, "कायमचा." जरा पाठ टेकावी म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर अख्ख्या दुकानात आडवं असं काही उरलंच नव्हतं.

तो हुंदके देतच जागा झाला. गालांवरून पाणी वाहत होतं. मास्तर खाटेबाहेर अर्धे झुकले.

"मी... गेलो?"

जावई अजून निम्मा दुकानातच होता. "कायमचे, बाबा," तो कसाबसा म्हणाला, आणि त्याला पुन्हा उमाळा आला.

मास्तरांनी त्याचे कान निरखून पाहिले. पांढरेफटक पडले होते.

आपल्या माघारी मुलगी रडेल हे त्यांना माहीत होतं. पण हा अजगर असा ढसाढसा रडेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना भरून आलं. मग कुणाचा हात न घेता ते खाटेवरून उतरले, स्ट्रेचरवर जाऊन निजले आणि पांघरूण स्वतःच छातीपर्यंत ओढून घेतलं.

आता कुठे जावयाला उमगलं की आपण काय बोलून बसलो. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण स्ट्रेचरवर आडवे झालेले मास्तर एकदम लहान दिसत होते. त्याने तोंड पुन्हा मिटलं.

दारापाशी मास्तरांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.

"मी उगाच एकटा राहत होतो गं," ते म्हणाले. "इथून सुटलो की तुमच्याकडेच येतो राहायला. जावईबापूंना माझी फार ओढ आहे."

मुलगी रडत रडत हसली आणि हो म्हणाली. जावई भिंतीला टेकला. त्याला आता रडू आवरेना. स्ट्रेचर ढकलणाऱ्या सिस्टरने मागे वळून पाहिलं. असे मायाळू नातेवाईक तिने पुष्कळ पाहिले होते.

"धीर सोडू नका," ती त्याला म्हणाली. "शरीर काटक आहे त्यांचं. अजून वीस वर्षं तरी कुठे जात नाहीत ते."