छत्री

पक्षाघातानंतर विद्याधररावांना बोलता यायला लागलं, पण हव्या त्या शब्दाऐवजी भलताच शब्द तोंडातून यायचा. आज सकाळपासून ते पलंगावर बसून "छत्री, छत्री" करत होते.

कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला आधी पाणी दिलं, मग चष्मा, मग वर्तमानपत्र. पंखा लावला, बंद केला. शेवटी माळ्यावरून खरीच छत्री काढून दिली. ती विद्याधररावांनी भिरकावली.

"छत्री!" ते ओरडले.

"अहो, छत्री म्हणजे काय, ते तरी सांगा!" बाईंचा आवाज चढला. "सकाळपासून नुसती नाचतेय तुमच्यापुढे. आता जीव घ्याल का माझा?"

विद्याधररावांचे डोळे भरून आले. बाईंना वाईट वाटलं, पण समजूत घालायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

इतक्यात विद्याधररावांनी धडधाकट हाताने त्यांचा पदर धरला आणि ओढून त्यांना आपल्याशेजारी बसवलं. बाईंच्या सुजलेल्या पायांकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले, "छत्री."

बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" त्या करवादल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.