बारीक तंगूस

"तंगूस लय बारीक हाय, दादा. तुटंल," तात्याराव म्हणाला.

"तुटायचा तर तुटंल. आधी लागू तर दे," माणिकरावानं नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांधलेला गळ डोहात सोडला.

गंगाखेडच्या पुलाच्या वरच्या अंगाला गोदावरी खोल आहे. तिथं एक जुना शिवडा मासा राहत होता. तोंडभर दात, माणसाएवढी लांबी. गावातले लोक त्याला नदीतला शार्क म्हणत. त्यानं कितीतरी जाळी फाडली होती. माणिकराव वर्षभर त्याच्या मागं होता, तेही रीळ लावलेल्या हलक्या काठीनं. जाड दोरीनं तर कुणीही ओढील, असं तो म्हणायचा.

आज त्यानं धाकट्या भावाला मुद्दाम सोबत घेतलं होतं. तात्यारावाच्या मुलीचं लग्न परवावर आलं होतं, दारात मांडव घातला होता. तरी थोरला भाऊ कित्येक दिवसांनी आपणहून बोलायला आला म्हटल्यावर तात्यारावाला नाही म्हणवेना. घरातले बाकीचे गडीही मागोमाग आले आणि काठावरच्या बाभळीखाली बसले. वल्ही सिद्धोधनच्या हातात होती. होडी त्याचीच.

"फोन काठावर ठिव, पाण्यात पडंल," माणिकराव निघतानाच म्हणाला होता. तात्यारावानं फोन पुतण्याकडं दिला होता.

थोड्या वेळानं काठी कमानीसारखी वाकली. रीळ कर्रकर्र ओरडलं.

"लागला," सिद्धोधन हळूच म्हणाला.

मासा सरळ खाली गेला, मग आडवा पळाला. माणिकरावानं ओढलं नाही. मासा पळाला की तंगूस सोडायचा, दमला की थोडा गुंडाळायचा. सिद्धोधन होडी माशाच्या मागं नेत राहिला. काठ मागं पडला. बाभळीखालचे गडी उभे राहून शिट्ट्या मारायला लागले.

ऊन चढलं. माणिकरावाच्या बोटांना चिरा पडल्या. त्यानं उपरणं फाडून बोटांना गुंडाळलं आणि काठी पुन्हा धरली.

"दे, मी धरतो जरा," तात्याराव म्हणाला.

काठी हातात येताच तो पुढं ओढला गेला, कसाबसा सावरला, आणि त्याच्या तोंडावर लहान पोरासारखं हसू आलं. "अबब, काय जोर हाय रे. बैल बांधल्यावानी वाटायलाय."

"ढील दे. हां, आता गुंडाळ. सावकाश."

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसले होते. असं बसून किती वर्षं झाली, हे दोघांनाही आठवलं नसतं.

"दादा, एक बोलू?" तात्याराव पाण्याकडं बघतच म्हणाला. "राजेश्रीच्या लग्नाचं तू समजून घेतलंस, लय बरं केलंस. पोलिसात निवड झाली म्हणून काय झालं? पोरीनं खाकी घालून रात्री-बेरात्री हिंडायचं म्हणजे... स्थळ चांगलं हाय. रडायलीय आता, होईल गप."

"पोर तुझी हाय," माणिकराव म्हणाला. "काठी वर धर."

दुपार झाली तसा मासा थकला. एकदा तो होडीच्या अगदी कडेला आला. काळपट पाठ, लांब मिशा, तोंडाच्या कोपऱ्यात अडकलेला गळ, सगळं स्वच्छ दिसलं. सिद्धोधनकडं लोखंडी आकडा होता.

"घाल आकडा, घाल," तात्याराव ओरडला.

सिद्धोधननं माणिकरावाकडं पाहिलं. माणिकरावानं काठी स्वतःकडं घेतली आणि तंगूस सैल सोडला. मासा पुन्हा खोल गेला.

"आरं, हातात आला होता की."

"जोर हाय अजून त्याच्यात. आत्ता आकडा घातला तर झटका देऊन तोडंल."

काठावरून कुणीतरी हाका मारत होतं. वाऱ्यानं शब्द ऐकू येत नव्हते. पुतण्या हात वर करून फोन दाखवत होता.

"मांडववाल्याचा फोन असंल," तात्याराव म्हणाला. "सिद्धोधन, जरा काठाला घे."

"आता होडी फिरवली तर तुटंल, तात्याराव. एवढं केलं ते वाया जाईल," सिद्धोधन म्हणाला.

तात्यारावानं काठाकडं पाहिलं, मग ताणलेल्या तंगुसाकडं. "ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला आणि ओंजळीनं पाणी घेऊन भावाच्या मानेवर ओतू लागला.

माणिकराव दातावर दात धरून बसला होता. काठी त्यानं सोडली नाही. मधूनच तो मान वर करी आणि पुलाकडं पाही. घाम डोळ्यांत जातोय असं तात्यारावाला वाटलं. त्यानं आपल्या रुमालानं भावाचं कपाळ पुसलं.

मासा पुन्हा वर आला. या वेळी तो उताणा होत होता, पोट पांढरं दिसत होतं. त्याच्यात आता काही उरलं नव्हतं. सिद्धोधननं आकडा उचलला.

पुलावर पालमहून परभणीला जाणारी लाल एसटी आली. मधोमध आल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि गाडी पलीकडच्या झाडांत शिरली.

माणिकरावानं अंगठ्यानं रीळ दाबून धरलं आणि काठीला जोरात हिसका दिला. तंगूस ताणला, आणि तट्कन तुटला. शिवडा क्षणभर तसाच पडून राहिला, मग शेपटी हलवून खाली गेला.

"काय केलंस हे, दादा?" तात्याराव उठून उभा राहिला, होडी डोलली. "सकाळधरनं जीव काढला. कशापायी?"

माणिकरावानं काठी खाली ठेवली.

"त्या गाडीत राजेश्री हाय," तो म्हणाला. "उद्या तिला ट्रेनिंगला हजर व्हायचंय."