पश्चात परिवार

आमच्या दैनिकाची ताजी बातमी वाचकांच्या मोबाइलवर आपोआप पोचावी, म्हणून मी वेबसाइटचं फीड सुरू केलं. प्रसिद्ध झालेल्याच बातम्या घ्यायच्या, ही अट कोडमध्ये घालायची राहून गेली, आणि हयात मान्यवरांचे तयार ठेवलेले मृत्युलेखही पोचले. पहिलाच खुद्द संपादकांचा. दुसऱ्याचं शुद्धलेखन खपत नाही म्हणून तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. तांबडं पेन उगारून ते माझ्यावर धावून आले. “धडधाकट माणसाला मारलंस की गं!” तेवढ्यात फोन वाजला. गडबडीत माझं बोट स्पीकरवर पडलं. “मी संपादकांचा मुलगा बोलतोय.” त्यांना मुलगा आहे, हे कचेरीत कुणाला ठाऊकच नव्हतं. “बातमीत ‘पश्चात पत्नी, मुलगी’ असं आहे. बाबा आज गेले. मी कधी गेलो, तेवढं सांगाल का?” संपादकांच्या हातातलं पेन उगारलेलंच राहिलं.