लिनक्सचा वाटा

"लिनक्सले तीसच जीबी द्या. बाकीच्या जागेले हात लावू नका," ममता पुन्हा म्हणाली.

नेरच्या बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात धम्मरत्न त्यांचा लॅपटॉप उघडून बसला होता; तो हळू पडला होता, म्हणून जुन्या प्रणालीच्या जोडीला लिनक्स ही नवी टाकायची होती. "तीसमध्ये बसते, ताई. पण पुढं भरून जाईन. शंभर ठेवा. नाईतं सगळीच डिस्क देऊन टाका, जुनी मशीन पळाले लागन."

"तीसच."

शेजारच्या खुर्चीवर तिचे सासरे देवराव होते. तोंडानं बोलायचं नाही आणि मनात हिशेब करत बसायचं, हा त्यांचा जुना स्वभाव.

लॅपटॉप त्यांनीच मुलाला, धम्मदीपला, शिकत असताना घेऊन दिलेला. आता मुलगा पुण्याला नोकरीला आणि लॅपटॉप बोरी अरबला, गावच्या घरी. त्यात देवरावांच्या बायकोनं, कांताबाईंनी, गायलेली भीमगीतं होती. बायको मागच्या वर्षी गेली; तिचा आवाज उरला तो एवढाच. रोज संध्याकाळी पडद्यावरच्या तिच्या फोटोवर टिचकी मारायची आणि ऐकत बसायचं, यावर म्हातारा तगून होता.

हल्ली मात्र सुनेचं काहीतरी चाललं होतं. हेडफोन लावून ती लॅपटॉपपाशी बसायची आणि सासरे दारात दिसले की झाकण मिटायची. एकदा फोनवर धम्मदीपला म्हणताना त्यांनी ऐकलं, "बाबाले एवढ्यात सांगू नका." पुण्याला जायची तयारी, दुसरं काय असणार? म्हाताऱ्याला इथं एकटं टाकून.

त्यात आता हे लिनक्स. गाणी गेली तर? म्हणून काल ममता बचत गटाच्या बैठकीला गेली, तेव्हा देवरावांनी ती गाणी स्वतःच्या हातानं पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवली. कुणाला विचारलं नाही. विश्वास ठेवायचा तरी कुणावर? पेनड्राइव्ह आता सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. प्रश्न एकच उरला होता: बाकीच्या जागेत असं काय आहे, की ही कुणाला हात लावू देत नाही?

"बाजार करून येतो, बाबा," म्हणून ममता बाहेर पडली. देवरावांनी खुर्ची पुढं ओढली.

"सगळी डिस्क देऊन टाक लिनक्सले."

"ताई तं तीसच म्हणत होत्या."

"लॅपटॉप माहा हाये. बिलावर नाव माहं हाये."

"सगळं पुसल्या जाईन, काका. मंग वापस येत नाही. कामाचं काही हाये का त्यात?"

"माह्या कामाचं म्या काढून घेतलं."

"एकदा उघडून पाहू?"

"कायले?" घरातलं परक्यासमोर कशाला उघडं पाडायचं. त्यात सुनेचे पुण्याला जायचे कागद असणार; ते पुसले गेले की निघणंही लांबेल, एवढंच त्यांना कळत होतं.

धम्मरत्ननं पुन्हा एकदा विचारलं, मग बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकत गेली. देवरावांना फार दिवसांनी बरं वाटलं.

ममता पिशव्या घेऊन परतली, तेव्हा लिनक्स सुरू झालं होतं. तिनं पडद्याकडं पाहिलं. "बाकीची जागा?"

"म्या पुसाले सांगितलं," देवराव म्हणाले. "तुमी पुण्याले जाऊन राह्यले, ते मले समजत नाही काय?"

"पुण्याले कोण चाललं, बाबा?" ममतानं पिशव्या खाली ठेवल्या आणि पदरानं डोळे पुसले. "आईची गाणी साफ करून राह्यलती मी. मागची खरखर काढून. आईले जाऊन वर्ष होईन, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाले लावाची होती, म्हणून तुमाले सांगितलं नव्हतं."

देवरावांचा चेहरा उतरला. असल्या सुनेवर आपण संशय घेतला, याची त्यांना लाज वाटली. पण गाणी तरी शाबूत होती. त्यांनी पेनड्राइव्ह काढून तिच्या हातावर ठेवला. "रडू नको, पोरी. म्या काढून ठेवली. तिचा फोटो ओढून यात टाकला. पुन्हा साफ करू आपण."

धम्मरत्ननं पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. आत फोटोच्या जागी एकच कोरा चौकोन होता, कोपऱ्यात छोटा बाण. त्यानं दोनदा टिचकी मारली, मग आणखी दोनदा; काहीच उघडलं नाही.

"काका," तो हळूच म्हणाला, "हा गाण्यांचा नुसता पत्ता हाये. गाणी लॅपटॉपातच होती."