विनंतीवरून

“सायेब, गुलाल झटकायच्या आत बदल्या निघत्यात. खोकी आणून ठिवू का?” शिपाई हौसेराव म्हणाला.

उपायुक्त नंदकुमार हसला, पण उसनं. पालिकेचा निकाल कालच लागला होता. मागच्या दोन गावांतही हेच झालं होतं. नवे नगरसेवक आले की जुना अधिकारी डोळ्यांत खुपायचा. त्याचं स्वतःचं काही नव्हतं हो. पण क्षिप्राची दहावी होती, परीक्षा दोन महिन्यांवर. आता शाळा मोडली तर पोरीचं वाटोळंच.

संध्याकाळी वैजयंतीने चार-पाच कागद पुढे सरकवले. “अहो, एवढ्या सह्या करा. शाळेचं, गॅसचं, काय काय आहे.”

ऑफिसात स्वल्पविराम तपासणारा हा माणूस घरचे कागद कधी वाचायचा नाही. अक्षर तिचं, सही त्याची. लग्नापासूनची वहिवाट.

फोन वाजला. वैजयंतीने उचलला, ऐकला, ठेवला.

“पुन्हा राँग नंबर,” म्हणाली आणि चपला घालून क्षिप्राला क्लासवरून आणायला निघाली. प्रचार सुरू झाल्यापासून रोज जायची.

“अगं, घोडी झालीय, येईल की एकटी!”

“असू दे. माझेही पाय मोकळे होतात.”

दुसऱ्या दिवशी नंदकुमार अभिमान गिळून निवडून आलेल्या आप्पांच्या दारात उभा राहिला. आप्पांच्या पुतण्याचे बेकायदा गाळे त्यानेच पाडले होते.

“आप्पा, मार्चपर्यंत राहू द्या. हात जोडतो.”

“साहेब, माज्या मनात काय बी नाय. तुमच्या बदलीसाठी मी कोनाला फोन केला नाय. देवाची आन.”

नंदकुमारला ते खरं वाटलं नाही. पण करतो काय? अडला हरी.

आठव्या दिवशी आदेश आला. परभणी, तात्काळ रुजू व्हावे. नावापुढे कंसात शब्द होता, ‘विनंतीवरून’.

“विनंती? कुणाच्या बापाने केली?” तो भडकला. क्षिप्राला काय तोंड दाखवू, या विचाराने त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. आप्पांचाच डाव! तो तडक मंत्रालयात गेला.

तिथल्या कारकून मालतीबाईंनी फाइल उघडली. “साहेब, तुमचाच अर्ज आहे. सही बघा ना.”

सही त्याचीच होती. वरचं सगळं अक्षर वैजयंतीचं. बदलीच्या कारणापुढे तिने एकच ओळ लिहिली होती:

“मुलीचा क्लास किती वाजता सुटतो, हे फोन करणाऱ्याला माहीत आहे.”