ओझोनचा महिना

"हे डबडं बंद पडलं ना, की तुम्हीही सामान बांधा जावईबापू," सासरे पंपाच्या खोलीच्या दारातून म्हणाले.

जावई ओझोनच्या यंत्राची नळी घट्ट करत राहिला. घरामागच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी सासऱ्यांनी तीस वर्षं क्लोरीननं राखलं होतं. घरजावयानं हे यंत्र बसवून क्लोरीनच्या पुडीचा डबा कपाटात टाकला, तेव्हापासून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

शेवटी बायकोच मध्ये पडली. "रोजची कटकट नको. नुसत्या यंत्रावर महिना काढा. पाणी हिरवं पडलं, तर बाबा म्हणतात तसं. यांनी जायचं."

ती चिकटपट्टी आणि कात्री घेऊन आली. जावई हात धुऊन येईपर्यंत यंत्राचं झाकण बंद करून, वर पट्टी लावून तिनं सही ठोकली होती. "आता कुणी आत हात घालायला नको."

त्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पाण्यात बुडबुडे आले. बायकोचा एवढा विश्वास बघून त्याला भरून आलं. घर सुटलं तर तीही सुटणार होती. वडिलांना एकटं टाकून ती येणार नव्हती.

"ओझोनचा वास कसा तो नाही," तो तिला फुशारकीनं सांगायचा. "सगळा पाण्यात विरघळतोय."

रोज सकाळी ती काठावर यायची. "अजून स्वच्छच?" एवढंच विचारून आत जायची.

सासरे त्याच्याशी बोलेनासे झाले. तो जेवायला बसला की ते ताटावरून उठत. मग त्याला त्यांच्या बाहीवर क्लोरीनचे पांढरे डाग दिसले. कपाटातला डबाही हलका लागला. म्हातारा गुपचूप पूड टाकत होता, आणि महिना संपला की श्रेय क्लोरीनला देणार होता. जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटच्या सकाळी त्यानं त्यांना रंगेहाथ पकडलं आणि बायकोला हाक मारली. "बघ तुझ्या बाबांचे उद्योग."

सासऱ्यांनी हातावरची पूड झटकली. "तिसऱ्याच दिवशी पाणी हिरवट दिसायला लागलं होतं. पूड टाकली म्हणून तुम्ही अजून या घरात आहात. यंत्र उघडा."

पट्टी जशीच्या तशी होती. त्यानं ती फाडली, झाकण काढलं. ओझोन तयार करणाऱ्या नळीची वायर कात्रीनं कापलेली होती; महिनाभर पाण्यात नुसती हवाच बुडबुडत होती.

त्यानं हातातल्या पट्टीवरची सही पाहिली, मग बायकोकडे. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?"